काकू, कोयना आणि लाख कोटी

१ फेब्रुवारी २०२५ला शनिवार होता, मी गावी गेले होते, आणि संध्याकाळी टीव्हीवर दिवसभर केंद्राच्या बजेटचंच चाललेलं तेच परत चालू होतं. खाली पट्टी फिरत होती, एकूण खर्च ५० लाख ६५ हजार कोटी. काकू लसूण सोलत बसली होती, तिने मान वर करून विचारलं, "आगं, ह्ये पन्नास लाख हायेत का पन्नास कोटी?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. आपल्याकडे पन्नास लाख म्हणजे शहरातला एखादा फ्लॅट आणि कोटी म्हणजे हायवेला लागून असलेली जमीन, हे दोन शब्द रोजच्या बोलण्यात वेगवेगळे राहतात. ते एकामागे एक लावले की कान त्यातला एकच उचलतो, लाख तरी नाहीतर कोटी तरी, आणि दुसरा शब्द हवेत जातो.

आता काकूबद्दल सांगते, म्हणजे कळेल मला हे इतकं का लागलं. ती बारा बायकांच्या बचत गटाची अकरा वर्षं खजिनदार आहे. महिन्याला दोनशे रुपये बचत, आतल्या आत कर्ज, कर्जावर महिना दोन टक्के, कुणाचा हप्ता राहिला, कुणी मुद्दल फेडली पण व्याज बाकी ठेवलं, हे सगळं तिला तोंडपाठ असतं. रजिस्टरला दहा रुपयांचा फरक आला तर बैठक संपू देत नाही. म्हणजे हिशोबाला ती कुठेच कमी नाही, आणि तरी देशाचा हिशोब तिच्यापर्यंत पोचत नाही. आणि तिच्यापर्यंत पोचत नसेल तर मग तो नक्की कुणापर्यंत पोचतोय?

मी आधी जे सगळे करतात तेच केलं. वहीच्या मागच्या पानावर ५० लिहून पुढे बारा शून्यं काढली आणि म्हटलं हे बघ, एवढे. तिने पाहिलं आणि म्हणाली, "बरं." आमच्या घरात ह्या "बरं"चा अर्थ सगळ्यांना माहितीये, विषय संपला. शून्यांनी काहीच होत नाही हे मला तेव्हा कळलं, आठ शून्यं आणि बारा शून्यं डोळ्याला जवळपास सारखीच दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तांदूळ निवडत होती तेव्हा सुचलं. घरात छोटा डिजिटल वजनकाटा आहे, त्यावर वाटी ठेवून बरोबर १० ग्रॅम कोलम घेतला, पेपर पसरला, कणी बाजूला काढली आणि आम्ही दोघी मोजायला बसलो, दहा-दहाच्या ढिगल्या करून. पहिल्यांदा ७४२ दाणे भरले. काकूचा विश्वास बसेना म्हणून दुसरे १० ग्रॅम घेतले, ते ७५८. मग ७५० धरले. म्हणजे किलोला ७५ हजार दाणे. मोठ्या दाण्याचा तांदूळ घेतला तर आकडा कमी येईल, पण आमच्या डब्यात कोलम होता.

आता एक दाणा म्हणजे एक रुपया समजायचा.

लाख रुपये म्हणजे एक किलो ३३३ ग्रॅम तांदूळ. काकू लगेच म्हणाली, "म्हंजे घरचं दहा-बारा जण जेवायला असल्यावर लागतो तेवढा." कोटी म्हणजे त्याच्या शंभरपट, १३३ किलो, पन्नास किलोच्या तीन कट्ट्यांना थोडा कमी. गावात लग्नाला दहा माणसांमागे किलोभर तांदूळ धरतात, म्हणजे १३३ किलोत साधारण तेराशे माणूस जेवतं. तर लाख म्हणजे घरचा एक वेळचा भात आणि कोटी म्हणजे चांगलं मोठं लग्न. हे तिला मी सांगितलं नाही, तिनेच मला सांगितलं. शंभर कोटी केले तर १३ टनांच्या वर जातो, एक दहाचाकी ट्रक भरून. इथपर्यंत सगळं डोळ्यासमोर येत होतं, ट्रक सगळ्यांनी बघितलाय, त्यात कट्टे कसे रचतात तेही.

मग लाख कोटी. असे हजार ट्रक. इथे ट्रक सोडून मालगाडी घेतली. बेचाळीस बंद डब्यांचा पूर्ण रेक असतो त्यात साधारण सव्वीसशे टन माल बसतो, म्हणजे लाख कोटी दाण्यांना पाच भरलेल्या मालगाड्या लागतात. फाटक पडलं की आपण जी मालगाडी संपायची वाट बघत बसतो तशा पाच, आणि त्यातला एक दाणा म्हणजे एक रुपया. आणि ५० लाख ६५ हजार कोटी म्हणजे जवळजवळ २६० मालगाड्या. एक गाडी इंजिन धरून सहाशे-साडेसहाशे मीटर लांब असते, सगळ्या एकामागे एक लावल्या तर मुंबईतून सुरू झालेली रांग घाट चढून तळेगावच्या पुढे येते. सगळी तांदळाने भरलेली.

काकूने पेपरवरच्या त्या दोन छोट्या ढिगांकडे बघितलं, मग परत कोटीचे कट्टे बोटांवर मोजले. "आणि काल मी म्हणलं पन्नास कोटी का," ती म्हणाली, "म्हंजे मी पन्नास लग्नाचा तांदूळ म्हणले आणि ह्यो मुंबईपासनं तळेगावपातूर हाय." तिच्या आवाजात पहिल्यांदाच त्या आकड्याबद्दल काहीतरी वाटल्यासारखं होतं, आणि मला तेवढंच हवं होतं.

मला स्वतःला मात्र वेळेचं माप जास्त भिडतं. एका सेकंदाला एक रुपया मोजायचा, झोप नाही, जेवण नाही, मोजतच राहायचं. लाख मोजायला एक दिवस आणि पावणेचार तास लागतात, म्हणजे आज सकाळी आठला बसलं तर उद्या दुपारी पावणेबारापर्यंत उठता येतं. कोटी मोजायला ११५ दिवस आणि वर काही तास. आषाढीला विठ्ठल झोपतो तेव्हा सुरू केलं तर कार्तिकीच्या दोन-तीन दिवस आधी कोटी पूर्ण होतात (अधिक महिना मध्ये आला नाही तर). चातुर्मास म्हणजे कोटी. काकू दरवर्षी चातुर्मासात काही ना काही सोडते, कधी वांगं, कधी चहा, त्यामुळे चार महिने किती लांब असतात हे तिला कुणी सांगायला नको.

शंभर कोटी सेकंद म्हणजे ३१ वर्षं ८ महिने. काकूच्या लग्नाला ह्या वर्षी ३२ वर्षं होतील. मी तिला सांगितलं की तू ह्या घरात आल्यापासून आत्ता कुठे शंभर कोटी सेकंद झालेत. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढ्या वर्षात शंभरच?"

आता लाख कोटी सेकंद म्हणजे ३१ हजार ७०० वर्षं. तेव्हा शेती नव्हती, गाव नव्हतं, माणूस शिकार करून आणि कंदमुळं खाऊन राहत होता. जवळचं काही घ्यायचं तर शिवराज्याभिषेक, ६ जून १६७४, तेव्हापासून आत्तापर्यंत अकराशे कोटी सेकंदांच्या आसपास झालेत. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, तिथून धरलं तरी तेवीसशे कोटी. सातशे पस्तीस वर्षं होऊनसुद्धा लाख कोटीचा चाळिसावा हिस्सा भरला नाही! मी हे जेव्हा पहिल्यांदा कॅल्क्युलेटरवर काढलं तेव्हा मला चुकलं वाटलं, तीनदा काढलं.

पण खरी गंमत त्याच्या पुढची आहे, आणि मला हे लिहायचंय ते मुख्यतः त्याच्यासाठी.

आकडा केवढा मोठा आहे हे कळलं तरी त्याचं करायचं काय हा प्रश्न राहतोच. म्हणून आम्ही उलटं केलं, "कोटी" शब्दच काढून टाकला. सरकारचा एक कोटी म्हणजे आपला एक रुपया. झालं, मग केंद्र सरकार म्हणजे वर्षाला ५० लाख ६५ हजार खर्च करणारं घर. ह्या घराने २०२५-२६ साठी किती उसने घ्यायचे ठरवलेत? १५ लाख ६९ हजार. आणि आधीच्या कर्जाचं व्याज किती भरायचंय? १२ लाख ७६ हजार. हे आकडे बजेटमध्येच आहेत, फक्त प्रत्येकाच्या मागे कोटी आहे.

काकूचे हात थांबले. "म्हंजे चार आणे निस्तं याजात?"

बरोबर चार आणे, रुपयातले पंचवीस पैसे. तिने कॅल्क्युलेटर घेतला नव्हता.

आणि पुढचे प्रश्न तिनेच विचारले, एकामागे एक. हे उसनं कुणाकडनं घेतात? व्याजदर काय? घेतलेलं कशाला लावतात, खाण्यापिण्यात जातंय का त्यातनं विहीर-बोअर काहीतरी होतंय? ज्याच्याकडनं घेतलं त्याने मागितलं तर? अहो हेच प्रश्न तर अर्थतज्ज्ञ टीव्हीवर बसून चर्चा करतात, महसुली खर्च किती आणि भांडवली खर्च किती, कर्ज देशातलं किती आणि बाहेरचं किती. गटातली बाई म्हैस घ्यायला कर्ज मागते तेव्हा एक विचार होतो आणि बारशाला मागते तेव्हा दुसरा, हे काकू अकरा वर्षं करतेय. तिला अर्थशास्त्र शिकवायची गरजच नव्हती, आकडा तिच्या मापात आणून द्यायची होती. मी तिला हेही सांगितलं की सरकार आणि घर एकसारखं नसतं, सरकार जुनं कर्ज फेडायला नवं घेऊ शकतं, त्याचं उत्पन्न करातनं येतं आणि ते वाढवताही येतं, बहुतेक कर्ज देशातल्याच बँका, विमा कंपन्या, प्रॉव्हिडंट फंड अशांकडून येतं. तिने ऐकून घेतलं, पण व्याजाचे चार आणे काही तिच्या डोक्यातून गेले नाहीत, आणि ते जाऊ नयेत असं मलाही वाटतं.

महिनाभराने १० मार्चला राज्याचं बजेट आलं, ७ लाख कोटी. तेव्हा मी पुण्यात होते, काकूचा फोन आला, म्हणाली आपलं राज्य म्हणजे सात लाखाचं घर ना? हो. मग म्हणाली आपल्या रस्त्याला दहा कोटी मंजूर झालेत म्हणे, म्हणजे दहा रुपये. हो, सात लाखाच्या घरातले दहा रुपये, चहाचे. थोडा वेळ थांबून म्हणाली, "पर आमच्या गावाला त्ये दहा रुपये न्हाईत हां."

ह्या वाक्यावर मी बराच विचार केला. कारण कोटी काढून टाकायच्या युक्तीत हा धोका आहेच, दहा कोटी चहाएवढे वाटायला लागतात आणि मग दहा कोटी कुणी खाल्ले तरी जाऊ दे वाटेल. खरं तर तोच आकडा दोन बाजूंनी बघावा लागतो, राज्याकडून बघितला तर दहा रुपये आणि गावाकडून बघितला तर हजार लाख, दहा लग्नांचा तांदूळ, आख्खा रस्ता मोऱ्यांसकट. आणि तिसरं, माणशी भागून बघायचं. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख होता, सात लाख कोटींना त्याने भागलं तर माणशी ६२ हजार येतात, आता लोकसंख्या वाढलीये म्हणजे त्याहून कमी. घरात पाच माणसं असतील तर सरकार तुमच्या घराच्या वाटचे वर्षाला तीन लाखांच्या आसपास खर्च करतंय, रस्ते, शाळा, पगार, पेन्शन, व्याज, सगळं धरून. हे कळल्यावर काकूने जो प्रश्न विचारला तो मी इथे लिहीत नाही, तुम्हालाही तोच पडला असेल.

आता पाण्याचं. आमच्या भागात लोकांना सगळ्यात मोठा आकडा कुठला माहिती असेल तर तो टीएमसी, धरणातलं पाणी मोजायचं माप. जुलै-ऑगस्टमध्ये चहाच्या टपरीवर, एसटीत, देवळात सगळीकडे एकच, कोयना किती झाली? कोयना धरण १०५ टीएमसीला भरतं हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पण एक टीएमसी म्हणजे किती हे विचारलं तर शंभरातल्या नव्वदांना सांगता येत नाही, आणि मलाही ह्या उद्योगाआधी येत नव्हतं.

एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे एक टीएमसी २ हजार ८३१ कोटी लिटर. आमची विहीर तीस फूट व्यासाची आहे. तिच्यात पाच फूट पाणी असलं की ते बरोबर एक लाख लिटर भरतं, हिशोब करून बघितला. वीस फूट पाणी असलं तर चार लाख. तर लाख म्हणजे आमच्या विहिरीचं पाच फूट पाणी, कोटी म्हणजे अशा वीस-वीस फूट भरलेल्या पंचवीस विहिरी, म्हणजे गावातल्या आणि शेजारच्या वस्तीतल्या सगळ्या धरून जेवढ्या होतील तेवढ्या. आणि लाख कोटी?

३५ टीएमसी.

म्हणजे कोयना पूर्ण भरली की तिच्यात जवळपास तीन लाख कोटी लिटर पाणी असतं. मी हे काकूला सांगितलं तेव्हा ती उठून उभी राहिली. शिवसागर, म्हणजे कोयनेचा जलाशय, तिने पाहिलाय, बामणोलीला बोटीत बसलीये, दोन्ही बाजूला डोंगर आणि मध्ये लांबच्या लांब पाणी, ते सगळं लिटरमध्ये मोजलं तर तीन लाख कोटी. आणि देशाचा एका वर्षाचा खर्च म्हणजे अशा सतरा कोयना, थेंबाला नाही, लिटरला एक रुपया धरून भरलेल्या. तांदळाच्या मालगाड्या तिने मनात उभ्या केल्या होत्या, पण कोयना तिने डोळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे तिचं माप तेच ठरलं.

क्युसेकचंही तसंच. धरणातून अमुक हजार क्युसेक विसर्ग सुरू, अशी बातमी येते आणि नदीकाठची माणसं ती ऐकून काहीच ठरवू शकत नाहीत. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसात ८६ हजार ४०० सेकंद, म्हणजे साडेअकरा हजार क्युसेक दिवसभर सोडलं की एक टीएमसी खाली जातं. एवढं एक लक्षात ठेवलं तरी बातमी कळायला लागते. सांगलीत लोकांनी ह्याच्यावर आपला तोडगा कधीच काढलाय, तिथे कुणी क्युसेक विचारत नाही, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट हे विचारतात. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, आणि २०१९च्या पुरात सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा काय झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सत्तावन्न हा आकडा जन्मभर पुरतो. चाळीस फुटाला कुठल्या गल्लीत पाणी येतं, पंचेचाळीसला कुठल्या, हे तिथल्या बायकांना माहिती असतं आणि त्या त्या हिशोबाने धान्य माळ्यावर चढवतात. आकडा असा पाहिजे, ऐकला की माणूस उठून कामाला लागला पाहिजे.

एक गोष्ट मात्र मला राहून राहून वाटते. आपल्याकडे मोठ्या आकड्यांना नावं होती आणि ती आपण वापरायची सोडली. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० सालच्या आसपास, एक दहं शतं पासून परार्धापर्यंत अठरा नावं दिलीयेत, प्रत्येक नाव आधीच्याच्या दहापट. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधि, अंत्य, मध्य, परार्ध. मोजत गेलं तर लाख कोटी म्हणजे बरोबर महापद्म. बजेट पन्नास महापद्म! काकूला हे इतकं आवडलं की ती दिवसभर म्हणत होती. आणि तिचं म्हणणं मला पटलं, महापद्म म्हटलं असतं तर निदान हे काहीतरी निराळं आहे एवढं तरी कळलं असतं, लाखात आणि कोटीत गल्लत झाली नसती. आज महापद्म कोण वापरणार, पण अब्ज तरी परत आणायला काय हरकत आहे, पेपरवाल्यांनी "शंभर कोटी"च्या जागी अब्ज लिहायला सुरुवात केली तर वर्षभरात सगळ्यांच्या जिभेवर बसेल. पोरं शाळेत मिलियन-बिलियन शिकतात आणि घरी लाख-कोटी ऐकतात, स्वल्पविराम तिकडे तीन-तीनवर आणि इकडे दोन-दोनवर, त्यांचा गोंधळ वेगळाच. त्यांना एवढं सांगितलं तरी पुरतं की दहा लाख म्हणजे मिलियन, अब्ज म्हणजे बिलियन आणि लाख कोटी म्हणजे ट्रिलियन.

एप्रिलच्या गटाच्या बैठकीला काकूने वजनकाटा आणि तांदळाचा डबा नेला होता. मी नव्हते, पण नंतर कळलं की बाराही जणींनी दाणे मोजले आणि हप्त्यांचं काम संपायला अंधार पडला.

जुलैत एका रात्री साडेनऊला तिचा फोन आला. टीव्हीचा आवाज मागून येत होता. "आगं, कोयना ऐंशी झाली. सत्तरला दोन, वरचं दहा म्हंजे पाव आणि इकडं तिकडं. सव्वादोन लाख कोटी लिटर ना?"

मी कॅल्क्युलेटर काढला. दोन लाख सव्वीस हजार कोटी आलं.